इंग्रजी दुखण्याची खाट

"कोणाचा विश्वास बसणार नाही," असं म्हणून छगननाना आपलं उजवं कोपर डाव्या तळहातावर घेत, अगदी देव्हाऱ्यातला बाळकृष्ण उचलावा तसं. "पण हे कोपर पाहून धुळ्याच्या डॉक्टरने खुर्ची सोडली. उभा राहिला. म्हणाला, नाना, हे दुखणं मी आजवर पुस्तकात वाचलं होतं, माणसाला झालेलं आज पाहिलं."

दुखण्याचं नाव होतं इडिओपॅथिक लॅटरल एपिकॉन्डिलायटिस. अमळनेरच्या त्या गल्लीत हे नाव न येणारा माणूस शोधून सापडला नसता. भाजीवाला गाडी ढकलता ढकलता ते म्हणायचा. समोरच्या घरातल्या पोपटाला त्यातलं 'इडिओपॅथिक' तेवढं यायचं, आणि तो ते नेमकं नाना ओट्यावर आले की म्हणायचा. या कोपराने गेल्या कित्येक वर्षांत पाण्याचा तांब्या उचललेला नव्हता. पत्ते पिसायला, हनुवटीखाली टेकू द्यायला आणि गोष्ट सांगताना हवेत फिरवायला ते चालायचं. तांब्या म्हटला की सुजायचं. तो भागाबाईंनी, म्हणजे नानांच्या बायकोने, भरून हातात द्यायचा.

हे नाव ऐकलं की चारुलताची दाढ दुखायची. चारुलता नानांची सून. धुळ्याच्या एका नर्सिंग कॉलेजात ती पहिल्या वर्षाच्या मुलींना डॉक्टरी शब्द कसे बनतात ते शिकवायची. रोज एसटीने जायची, रोज एसटीने यायची, आणि दिवसभर ज्या शब्दांची हाडं-कातडं वेगळी करून दाखवायची तेच शब्द संध्याकाळी घरी आल्यावर ओट्यावर सिंहासन घालून बसलेले पाहायची.

त्यात गल्लीचा एक नियम होता. उन्हाळ्यात प्रत्येक घरी बिबड्यांचा, म्हणजे ज्वारीच्या पापडांचा, दिवस ठरायचा आणि त्या दिवशी सगळ्या बायकांनी त्या घरी हात लावायला जायचं. भिजवलेल्या ज्वारीचं पीठ लसूण, जिरं, तीळ घालून मोठ्या पातेल्यात शिजवायचं, तो झाला घाटा. तो गरम आहे तोवर ओल्या कापडावर तळहाताएवढ्या बिबड्या थापायच्या आणि कापड खाटेवर अंथरून उन्हात टाकायचं. गार झालेला घाटा थापणं म्हणजे विटेची पोळी लाटणं. तेव्हा हात भरपूर लागायचे. पण कस्तुराक्का एकदा जळगावच्या मोठ्या दवाखान्यातून सर्व्हायकल स्पॉन्डिलोसिस घेऊन आल्या आणि भागाबाईंनी भर अंगणात जाहीर केलं, की जिला इंग्रजी दुखणं आहे तिने थापायला बसू नये. तिने खाटेवर बसावं, देखरेख करावी, आणि घाट्याची पहिली वाटी, वर कच्चं तेल घालून, तिला द्यावी. देशी दुखणं असेल, म्हणजे पाठ, गुडघा, कंबर, तर मुकाट्याने खाली बसावं.

तेव्हा इंग्रजी दुखणं एकच होतं. नंतर गल्लीची प्रगती झाली.

यंदा भागाबाई सुरतेला गेल्या होत्या, लेकीच्या, मोनालीच्या दुसऱ्या बाळंतपणाला. मोनालीला दिवस भरत आले होते आणि तिचा सगळा जीव बिबड्यांत अडकला होता. सुरतेच्या दुकानातलं काहीही पुढे केलं की ती तोंड फिरवायची. चारुलताने फोनवर सांगितलं, "आई, पीठ भिजलंय. रविवारी मी करते बिबड्या. सोमवारी तुमचा भूषण सुरतेला येतोय, त्याच्याबरोबर डबा देते."

पलीकडे भागाबाईंनी पंखा बंद करायला लावला, नीट ऐकू यावं म्हणून.

"तू?" भागाबाई म्हणाल्या.

"मी."

"व बाई, तुला नाही जमणार. ते काय कॉलेज शे? पीठ म्हशीले घाली दे."

लग्न होऊन आल्यापासून चारुलताने दर उन्हाळ्यात त्या पातेल्याखाली जाळ सारला होता, पण कलथा एकदाही हातात मिळाला नव्हता. तिने फोन ठेवला आणि ठरवलं, की बिबड्या अशा होतील की आईंनी सुरतेत बसून चष्मा लावून पाहाव्यात.

रविवारी सूर्य उगवायच्या आत तिने पातेलं चढवलं. लसणाचा वास असा सुटला की धुळ्याकडे निघालेली एसटी म्हणे वळणावर दोनदा हळू झाली. गल्लीतल्या बायका आल्या. आल्या त्या सरळ आपापल्या घरची खाट आपापल्या नवऱ्याच्या डोक्यावर देऊन आल्या, अंगणात ओळीने मांडल्या, आणि बसल्या. सगळ्या. खाली कोणीच नाही.

चारुलता कलथा धरून बघत राहिली. "अक्का, काकी, थापायला?"

कस्तुराक्कांनी मानेवरचा पदर सावरला. "मनं तर तुला माहीतच शे. स्पॉन्डिलोसिस."

"आणि हिराकाकी, तुम्ही?"

"मला मायाल्जिया झाला ना मागच्या पोळ्याला," हिराकाकी लाजत म्हणाल्या, जसं काही नातवाचं बारसं सांगतायत.

"मुझे गॅस्ट्रायटिस," म्हणाली रईसाबी. तिचा नवरा फारुख गाद्या भरायचा, त्यामुळे तिच्या खाटेवरची गादी सर्वांत फुगीर होती. "और मेरे बाजूवाली को भी कुछ है. बडा है. उसके घर में कागद पर है."

ओट्यावरून नाना म्हणाले, "सूनबाई, नियम तुझ्या सासूचा आहे. मी फक्त सांभाळतोय. पहिली वाटी इकडे."

चारुलताच्या डोक्यात घाट्याच्या आधी उकळी आली. पण ती शिक्षिका. ओरडायच्या आधी शिकवायची खोड. तिने कलथा पातेल्यावर आडवा ठेवला आणि म्हणाली, "ठीक आहे. मग आज ही इंग्रजी दुखणी आपण उघडून बघू. आत काय निघतं ते."

"उघडून?" हिराकाकींनी पोट धरलं.

"शब्द, काकी. तुम्हाला नाही. डॉक्टरी शब्द म्हणजे एसटीची पाटी. आधी शेवट बघायचा, म्हणजे गाडी कुठे जाते ते कळतं. शेवटी आयटिस असेल तर सूज. अल्जिया असेल तर दुखणं. ओसिस असेल तर एखादी गोष्ट तशी होऊन बसलेली आहे, एवढंच. मग मागे जायचं, की कशाचं. आता मायाल्जिया. शेवट काय?"

"अल्जिया," रईसाबी पटकन म्हणाली.

"म्हणजे दुखणं. आणि 'मायो' म्हणजे स्नायू, अंगातलं मांस. मग काय झालं?"

कस्तुराक्का म्हणाल्या, "अंग दुखस."

"बरोबर. काकी, तुम्ही डॉक्टरला जाऊन काय सांगितलं होतं?"

"हेच की," हिराकाकी हळूच म्हणाल्या, "अंग दुखतंय."

"आणि त्यांनी?"

"त्यांनी सांगितलं, मायाल्जिया आहे."

"म्हणजे तुम्ही दिलेलंच त्यांनी इस्त्री करून परत दिलं. अंगदुखी. देशी. बसा खाली."

हिराकाकी खाटेवरून अशा उतरल्या, जशी मामलेदाराची गाडी काढून घेतल्यावर मामलेदारीण. त्यानंतर कस्तुराक्कांचं निघालं: स्पॉन्डिलो म्हणजे मणका, सर्व्हायकल म्हणजे मानेचा. मानेचा मणका तसा होऊन बसलाय. झिजलाय. "म्हणजे मान दुखते," चारुलता म्हणाली. इतक्या वर्षांचा मान एका वाक्यात उतरला. रईसाबीचं गॅस्ट्रायटिस तिने स्वतःच सोडवलं, गॅस्ट्रो म्हणजे जठर, जठराला सूज, "यानी पेट", आणि हसत खाली बसली. बाजूवालीने कागद आणायलाच नकार दिला.

चारुलताला वाटलं, जिंकले. तिने जाता जाता एक चूक केली. ती ओट्याकडे वळली.

"आणि नाना, तुमचं. एपि म्हणजे वर. कॉन्डिल म्हणजे हाडाचा उंचवटा. आयटिस सूज. लॅटरल बाहेरच्या बाजूची. म्हणजे कोपराच्या बाहेरच्या बाजूच्या हाडाच्या उंचवट्यावरची सूज."

नाना तृप्त झाले. "पाहा," ते बायकांना म्हणाले. "मराठीत तर अजून लांब निघालं. आणि तो पुढचा शब्द? पोपटाचा?"

"इडिओपॅथिक," चारुलता म्हणाली, आणि म्हणतानाच तिला कळलं की आपण खड्ड्यात पाय घालतोय. "म्हणजे... कशामुळे झालं ते माहीत नाही."

"डॉक्टरला माहीत नाही!" नाना टाळी वाजवणार होते, पण कोपर आठवलं. "मी सांगत होतो की नाही? एवढा शिकलेला माणूस, त्याने हात टेकले आणि ते इंग्रजीत लिहून दिलं. माझी खाट कायम."

हे खाली बसलेल्या बायकांनी ऐकलं. रईसाबीच्या डोळ्यांत काहीतरी चमकलं. तिने ओल्या कापडावर पहिल्या बिबडीचा गोळा ठेवला, बोट लावलं, आणि विचारलं, "मॅडम, हाथ को क्या कहते?"

आता शहाण्या माणसाने म्हणायचं, हाथ को हाथ कहते, थाप. पण वर्गात विचारलेला प्रश्न चारुलताने जन्मात कधी अनुत्तरित सोडला नव्हता.

"कायरो," ती म्हणाली.

"और दुखना अल्जिया." रईसाबीने दोन्ही तळहात समोर धरले. "कायराल्जिया. या अल्ला, मुझे कायराल्जिया है."

"अहो तसं नसतं..."

"शब्द गलत है क्या?"

शब्द बरोबर होता. पुस्तकात होता. चारुलताची मान आपोआप होकारार्थी हलली आणि ते सगळ्यांनी बघितलं. रईसाबी उठून खाटेवर जाऊन बसली.

"बोटाले काय म्हणतस व?" कस्तुराक्कांनी विचारलं.

"डॅक्टिल... अक्का, मी नाही सांगणार."

"डॅक्टिलायटिस," अक्का म्हणाल्या आणि उठल्या. "आणि खूप बोटं असली तर?"

"पॉली," तोंडातून निसटलं.

"पॉलीडॅक्टिलायटिस. मना दोन्ही हातले शे."

हिराकाकींना उष्णतेची भीती कशी म्हणायची ते हवं होतं. त्यांनी चारुलताला न विचारता मोबाइलवर नातीला विचारलं आणि थर्मोफोबिया घेऊन सावलीतल्या खाटेवर गेल्या. बाजूवालीला आतापर्यंत फक्त कागद होता, तिने आता चार जोडांचं एक नाव असं बनवलं की ते उच्चारायला तिला मध्ये श्वास घ्यावा लागला. अंगणात एकही बाई खाली उरली नाही, आणि एकही खाट रिकामी उरली नाही. म्हणजे थापायला हात नाहीत, आणि थापलं तरी वाळवायला खाट नाही.

"निदान खाटा तरी द्या," चारुलता म्हणाली.

"आजारी माणसाला खाटेवरून उठवतात का, सूनबाई?" नाना म्हणाले. "घाटा गार होतोय. वाया घालवण्यापेक्षा वाट."

तिने वाटला. काय करणार? पहिलं पातेलं बिबडीचं तोंड न पाहता पेशंटांच्या पोटात गेलं, वर तेल, वर कांदा. तळाची खरवडसुद्धा राहिली नाही. ती रईसाबीने पॉलीडॅक्टिलायटिसवाल्या बोटांकडून काढून घेतली. उरलं एक पातेलंभर भिजलेलं पीठ. ते आज नाही शिजलं तर उद्या आंबून खरोखर म्हशीपुढे जाणार होतं, आणि म्हशीच्या आधी ती बातमी सुरतेला जाणार होती.

चारुलता चुलीपाशी बसली. रडावं की सगळ्यांवर विळी फिरवावी, ते तिला ठरवता येईना.

तेवढ्यात गल्लीतून सायकलवर दूधवाला जीवराम गेला. अंगणात ओळीने खाटा, खाटांवर बायका आडव्या, घाटा खाल्ल्यामुळे डोळे मिटलेले. त्याने ब्रेक दाबला.

"नाना, हे काय झालं?"

आणि नानांना असं कोणी विचारावं, म्हणजे वाळल्या कडब्याला काडी विचारते तसं. "जीवराम, कोणाचा विश्वास बसणार नाही," ते म्हणाले. "सकाळी चालत आल्या. एकेक करत आडव्या झाल्या. नावं ऐकशील तर सायकल विसरशील." आणि त्यांनी नावं ऐकवली, सगळी, बाजूवालीच्यासाठी मध्ये श्वास घेऊन.

जीवरामने त्या दिवशी दूध कमी आणि बातमी जास्त घातली. स्टेशनापर्यंत पोचेतो ती साथ झाली होती. बाजारात पोचेतो त्यातल्या दोघी गेल्या होत्या. त्या कोण यावर मतभेद होते. कस्तुराक्कांची लेक रोहिणी धुळ्याला दिली होती, ती मिळेल त्या एसटीने निघाली. रईसाबीची बहीण कहकशा आपल्या दोन जावांना घेऊन रिक्षातून उतरली. हिराकाकींच्या माहेरचे तर क्रूझर करून आले, आणि क्रूझर म्हटली की किती माणसं ते आपल्याकडच्या माणसाला सांगावं लागत नाही, टपावरची धरून सांगितली तरी कमीच. प्रत्येकीच्या हातात नारळ, बिस्किटांचा पुडा आणि रडायच्या तयारीचा पदर.

चारुलताला वाटलं, आता एवढ्या सगळ्यांचा चहा. ती आत जाऊन पातेलं शोधू लागली. बाहेर येऊन बघते तर रोहिणी चुलीपुढे बसलेली.

"वहिनी, पीठ असंच ठेवलंय? आईला एवढं झालं आणि तुम्ही एकट्या? थांबा, तुम्ही फक्त कलथा धरा."

कारण आपल्याकडे आजाऱ्याला भेटायला आलेली बाई हात बांधून बसत नाही. दुखणाईताच्या घरी आधी डोळे पुसायचे, मग पदर खोचायचा, मग घरातलं जे काम अडलेलं दिसेल ते उरकायचं. हे शिकवावं लागत नाही. कहकशाने कापडं भिजवली. जावांनी ती अंथरली. क्रूझरवाल्या हातपाय धुऊन ओळीने बसल्या.

चारुलताने दुसरं पातेलं स्वतः रटरटवलं, स्वतः घोटलं, आणि कलथा उभा राहिला तेव्हा स्वतः म्हणाली, "घ्या." असे हात चालले की कापडं कमी पडली.

"मगर सुखाना किस पे?" कहकशाने विचारलं. "खाटों पे तो ये हैं."

चारुलताने खाटांकडे पाहिलं. सकाळपासून पहिल्यांदा तिची दाढ दुखायची थांबली.

"आजारी माणसं उन्हात ठेवतात का?" ती म्हणाली. "आत न्या. खोलीत. पंख्याखाली सतरंजीवर. आराम सक्तीचा."

"और इनका खाना? मॅडम, आप तो पढाते हो," कहकशा म्हणाली.

"त्यांनीच सांगितलंय की, सूज आहे. आयटिस. सुजेवर तिखट नाही, तेल नाही, लसूण नाही. मुगाचं पाणी. मीठसुद्धा बेताचं."

कोणी काही म्हणायच्या आत रोहिणीने आईला काखेत धरून उचललं. कस्तुराक्का म्हणत होत्या, "अगं, माले तितकं नाही..." "बोलू नकोस, आई, त्रास होईल," रोहिणी म्हणत होती. सगळ्या खाटा मोकळ्या झाल्या, आणि एकेकीवर बिबड्यांची पांढरी रांगोळी चढली. नानांची खाटही गेली. त्यांना ओट्यावर नुसत्या फरशीवर बसवलं आणि कोपराला रोहिणीने हळद लावली, मनगटापासून खांद्यापर्यंत, कारण बाहेरची बाजू नक्की कुठे संपते ते तिला माहीत नव्हतं.

आत सतरंजीवर मुगाच्या पाण्याच्या वाट्या गेल्या. बाहेर दुसरा घाटा थापणाऱ्यांना वाटला जात होता, गरम, वर कच्चं तेल. वास खिडकीतून आत येत होता. तो आडवा येणाऱ्या कोणत्याही नावाला जुमानत नव्हता.

आधी रईसाबी दारात आली. "मॅडम, मेरा कायराल्जिया गया."

"असं कसं गेलं?"

"काटके निकालने को क्या कहते तुम्हारे में? एक्टमी? वो कर दी."

"एक्टमी अवयवाची होते, रईसाबी, दुखण्याची नाही होत. शब्द असा बनत नाही..." चारुलता म्हणाली, मग स्वतःच थांबली. "बसा. तिकडून दुसरी रांग थापा."

मग थर्मोफोबिया उन्हात आला. मग बोटं आली, सगळीच्या सगळी. बाजूवाली शेवटी आली. तिचं नाव लांब होतं, उतरायला वेळ लागला. पातेलं रिकामं होईपर्यंत गल्लीत आजारी फक्त एक माणूस उरला, आणि तो ओट्यावर बसून हळदीच्या हाताने घाट्याची वाटी चाटत होता.

ऊन कलायच्या आधी सुरतेहून व्हिडिओ कॉल आला. भागाबाई चष्मा लावून बसल्या होत्या, मागे मोनाली पोटावर हात ठेवून. "दाखव," त्या म्हणाल्या.

चारुलताने फोन फिरवला. खाटांमागून खाटा, पांढऱ्याशुभ्र, कडा उचलायला लागलेल्या बिबड्या. मोनाली म्हणाली, "आई, ती कडेची बघ, कशी गोल आली." भागाबाईंनी चष्मा काढून पुसला आणि परत लावला. चारुलता वाट बघत होती. एवढा सगळा दिवस त्या एका वाक्यासाठी होता.

"कोणी केल्या या?" भागाबाईंनी विचारलं.

चारुलताने तोंड उघडलं. तेवढ्यात फोन तिच्या हातातून गेला. नाना मध्ये आले होते. अंगणातल्या सगळ्या बायका जवळ सरकल्या, कारण नानांनी छाती पुढे काढली होती.

"भागा, कोणाचा विश्वास बसणार नाही," नाना म्हणाले. "सगळ्या बायका आडव्या. सूनबाई चुलीपाशी बसून रडतेय. मग मी उठलो. म्हटलं, मोनालीचा जीव अडकलाय. या बठ्ठ्या बिबड्या मी थापल्या. एकट्याने. या हाताने." आणि घाट्याने भरलेला उजवा पंजा त्यांनी कॅमेऱ्यापुढे पूर्ण उलगडून, कोपरापासून ताणून दाखवला.

चारुलताने डोळे मिटून घेतले. समोरच्या घरातून पोपट 'इडिओपॅथिक' म्हणाला.

सुरतेत भागाबाईंनी फोन चष्म्याजवळ आणला.

"उजव्या हाताने?" भागाबाई म्हणाल्या.

"उजव्याच."

"बठ्ठ्या?"

"एकूण एक."

"मंग इतकी वर्षं पाण्याचा तांब्या मी कोणत्या हाताला भरून दिला?" भागाबाईंचा आवाज अंगणाच्या टोकापर्यंत गेला. "चारू, बाई, फोन तू घे, आणि डब्यात जरा जास्त भर, मोनालीच्या सासूलेबी देऊ. आणि तुम्ही, कोपरवाले, तिथेच उभे ऱ्हा आणि बठ्ठ्यांच्या समोर सांगा: यातलं खोटं काय शे, हात का बिबड्या?"